चित्र दिसत नसेल तर

पहिल्या शनिवारी घड्याळजी वर्गात आला, मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसला आणि थेट खुर्चीच्या चौकटीत गेला. गुडघे हनुवटीला, हात वर. प्रेमकथेच्या नायकाने पहिलं दर्शन असं देऊ नये. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेजारची मुलगी उठली. तिने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वेत कुजलाय. तुमचा दोष नाही."

"आभारी आहे. मला बाहेर काढाल का?"

"थांबा हो... नीट पाहू तरी द्या. कुणी विणली ही? शी, काय ढिली वीण आहे!"

ती वेताच्या खुर्च्या विणायची. दोघंही वाचनालयाच्या माडीवर एकाच कामासाठी आली होती. आपापल्या दुकानाची वेबसाइट स्वतः बनवायला शिकायची, आठ शनिवारांत, अगदी मुळापासून.

शिकवणाऱ्या बाई आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. "आधी पानाचा सांगाडा, मग कपडे," त्या म्हणाल्या. "सांगाडाच नसेल तर कपडे घालणार कुणाला? आणि जी खूण, म्हणजे टॅग, उघडाल ती बंद करा. दारासारखी."

खुर्चीवाली नेमकी खूण बंद करायची विसरे. शीर्षकापुरती ठळक अक्षरं हवी होती. खूण उघडीच राहिली आणि फोन नंबरापर्यंत सगळं पान ठळक झालं.

"तुमचं पान ओरडतंय," घड्याळजी हळूच म्हणाला.

"ओरडू दे. ऐकणाऱ्याला एरवी तरी कुठे कळतं?"

त्याने वाकून खूण बंद करून दिली. आठ शनिवारांत त्याने तिच्या अकरा खुणा बंद केल्या. प्रेमात त्याची मजल तिथवरच गेली होती.

बाईंचा आणखी एक नियम होता. स्वतःच्या दुकानाचं पान स्वतः करायचं नाही, शेजाऱ्याने करायचं. "स्वतःबद्दल माणूस थापा मारतो, नाहीतर लाजतो." त्यामुळे घड्याळजीच्या वाट्याला खुर्च्या आल्या. तो वही घेऊन तिच्या दुकानात गेला.

"एका खुर्चीला किती वेळ लागतो?"

"बोलायला कुणी नसेल तर दीड दिवस."

"आणि असेल तर?"

"ते... अजून मोजलं नाही," ती मान खाली घालून म्हणाली.

त्याने उगाचच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग तिच्या हातांचे दोन फोटो काढले आणि घरी गेला.

सहाव्या शनिवारी ती म्हणाली, "ताईने तिकडे, तिच्या गावी फर्निचरचं मोठं दुकान काढलंय. मला बोलावतेय. वर्ग संपला की सोमवारी अकरापर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"दुकान चांगलं आहे?"

"मोठं आहे."

"मग... चांगलंच आहे."

ढिली वीण तपासावी तसं तिने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि ती आपल्या पानाकडे वळली.

सातव्या शनिवारी बाईंनी चित्रं लावायला शिकवलं. चित्रामागे थोडा मजकूर लिहायचा. चित्र दिसलं तर तो दिसत नाही. पण ज्याला दिसत नाही त्याला संगणक तो वाचून दाखवतो. घड्याळजीने लिहिलं, 'खुर्ची.'

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "न पाहणाऱ्याला काय कळणार यातून? कोण आहे, काय करतंय? खरं आणि पुरतं लिहा."

तो मुळात बारकाव्याचा माणूस. घरी बसून त्याने खरं आणि पुरतं लिहिलं. तसंही चित्राच्या मागे कोण डोकावतंय?

आठव्या शनिवारी बाईंनी सगळ्यांची पानं इंटरनेटवर चढवली. घड्याळजीने घरी जाऊन आपल्या लॅपटॉपवरची प्रत उघडली. चित्र झकास दिसत होतं. तो निश्चिंत झाला.

रविवारी त्याच्या आत्याने फोनवर त्याने केलेलं खुर्च्यांचं पान पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणाली, "बरं लिहितोस की रे."

"कुठलं? खुर्च्यांच्या दुरुस्तीचं?"

"तेही बरं आहे," आत्या म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

सोमवारी साडेदहाला खुर्चीवाली त्याच्या दुकानात आली. भिंतीवर तीस-पस्तीस घड्याळं टकटकत होती, त्यांपैकी कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"माझ्या पानावरचं चित्र दिसत नाही."

"दिसतं की!" त्याने तोच लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हे बघा."

"हे तुमच्या संगणकातलं. चित्राचा पत्ता कुठला दिलात?"

त्याने पाहिलं. पत्ता त्याच्याच संगणकातल्या एका फोल्डरचा होता. चित्र तिथेच राहिलं होतं. इंटरनेटवर फक्त पान गेलं होतं. ज्या संगणकात ते फोल्डर नाही, म्हणजे उरलेल्या सगळ्या जगात, तिथे चित्राऐवजी...

"...त्यामागचा मजकूर दिसतो," ती म्हणाली. "वाचू?"

"नको."

तिने फोन काढून वाचलं. "'खुर्चीची बैठक विणणारे दोन हात. उजव्या अंगठ्याला पट्टी. विणणारी मान वर करून हसली म्हणून पहिला फोटो हलला, हा दुसरा. पहिला मी ठेवून घेतला आहे. तिने बहिणीकडे जाऊ नये असं मला वाटतं. हे सांगायला आठ शनिवार पुरतील असं वाटत नाही.'"

घड्याळजीचे कान लाल झाले. "कुणी कुणी वाचलं?"

"आईने. दोन गिऱ्हाइकांनी. ताईने तर सकाळी फोन करून विचारलं, कोण गं हा, आणि फोटो हलेपर्यंत हसलीस कशाला?"

"मी... आत्ता पुसतो." त्याचा हात संगणकाकडे गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"घड्याळजी, ताईला अकरापर्यंत उत्तर द्यायचंय. किती वाजले?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर सव्वादोन, साडेसात, पावणेअकरा, सगळंच वाजलं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्याला वेळ सांगता आली नाही.

"जाऊ नका," तो म्हणाला.

"हे लिहिलेलं होतंच."

"हो, पण... तोंडाने सांगतोय. जाऊ नका."

तिने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने फोन लावला. "ताई, नाही जमणार गं... हो, तोच... नाही, दिसायला बरा आहे, खुर्चीत अडकलेला असताना पाहिलाय." मग फोन ठेवून त्याच्याकडे वळली.

"आता पत्ता नीट द्या आणि चित्र लावा."

"आणि मजकूर?"

"मजकुराला हात लावायचा नाही. न पाहणाऱ्याला कळायला नको का?"