अर्दलान साहेबांना दिलेला नकार

तेहरानात त्या सकाळी अर्धा पाऊस आणि अर्धा बर्फ पडत होता, आणि आमच्या गल्लीतल्या भट्टीपुढची रोटीची रांग जागची हलत नव्हती. कारण पुढे अर्दलान तवाना उभे होते. हो, तेच, सिनेमातले! भट्टीवाला म्हणत होता, "साहेब, आधी तुम्ही." ते म्हणत, "छे, आधी ही मंडळी." मंडळी म्हणत, "आमची काय बिशाद!" आमच्याकडे पहिल्याच आग्रहाला हो म्हणणं म्हणजे घरच्यांनी वळण लावलं नाही असंच समजतात. पण माझे पाय गारठले होते.

"तुमचा मानपान आटोपला असेल तर आम्ही रोटी घेऊ का?" मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं... आणि पडद्यावर मी आयुष्यभर पाहिलेले ते डोळे चक्क माझ्याकडे बघून हसले.

"खानमांनी मला ओळखलेलं दिसत नाही," ते म्हणाले. आमच्याकडे बाईंना अदबीने खानम म्हणतात.

"ओळखलं की! दर सिनेमात मरता तुम्ही. माझे किती रुमाल भिजलेत, ठाऊक आहे?"

"मग भरपाई म्हणून... चहा?"

"चालेल. पण आधी रोटी."

मी मनीजे, निवृत्त शिक्षिका. लग्नाचं राहूनच गेलेलं. ते विधुर. मग भट्टीवरून चहाच्या दुकानात जायची सवयच लागली. ते आधी रश्त शहरातल्या नाटक मंडळीत पडदा ओढायच्या कामाला लागले होते. तिथून पहिलवान झाले, गुंड झाले, पुढे लेकींना निरोप देणारे बाप. मधली काही वर्षं कामच मिळेना, तेव्हा टॅक्सी चालवली, पण मनाला न पटलेली भूमिका केली नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"छे! मागे बसून खोटं बोलणारा माणूस पुढच्या आरशात माझ्याकडे बघत नाही, हे टॅक्सीतच शिकलो. तोच अभिनय पुढे गाजला."

या माणसाचं मला फार कौतुक वाटायचं. आणि कौतुकाच्या पलीकडचंही काही... ते मी कबूल करत नव्हते.

एका संध्याकाळी चहाच्या कपाशी चाळा करत ते म्हणाले, "मनीजे खानम, माझ्या घरी कायमच्या याल?"

माझं हो तर मनात तयारच होतं. पण तोंडातून निघालं, "छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

कुणीही हेच म्हणालं असतं. आता ते पुन्हा विचारतील, म्हणून मी ओढणी नीट करून बसले. त्यांनी टोपी उचलली, छातीवर हात ठेवला आणि ते निघून गेले.

त्यानंतर रांगेत ते दिसेनात. शिराजहून बहीण रोज फोन करू लागली, "एकटी काय करतेस तिथे? ये इकडे." मी बॅग भरली. बस दुपारची होती. पण सकाळी उठून मी तडक त्यांच्या चित्रीकरणाच्या जागी गेले.

ते मरत होते, अर्थातच. इतकं सुंदर मरत होते की रागातही मला रडू आलं. दृश्य संपल्यावर मी समोर उभी राहिले.

"एकदाच विचारतं का कुणी?"

ते गोंधळले. "तुम्ही नको म्हणालात."

"सगळेच म्हणतात!"

"सगळे म्हणतात, खानम. जन्मभर लोक माझ्याशी गोडगोडच बोलत आले. पहिल्या दिवसापासून खरं बोललात त्या तुम्ही एकट्या. म्हणून तुमचा नकारही खराच मानला... फार लागला तो."

एवढ्या दिवसांत एकच वाक्य मी रीतीला धरून बोलले होते, आणि यांनी नेमकं तेच मनाला लावून घेतलं!

"मग... पुन्हा विचारू?" त्यांनी हळूच म्हटलं.

"नको. आता मी विचारते. माझ्याशी लग्न कराल?"

सगळे दिवेवाले, रंगभूषावाले टक लावून बघत होते. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि सवयीने म्हणाले, "छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.