क्रांतीचा डबा

महिनाभर पुरायचा प्रोटीन पावडरीचा डबा दहा दिवसांत रिकामा! क्रांतीचा चमचा तळाला नुसता खरवडत राहिला... पाटणच्या फिजिओथेरपीवाल्या श्रद्धाताईंनी बजावलं होतं, "व्यायाम रोज दोन वेळा, अन् जोडीला ही पावडर. नुसत्या एकानं भागायचं नाही." दोन महिन्यांवर पोलीस भरती, वयात बसणारी शेवटची, दुखावलेला खांदा वर आला नाही तर चार किलोचा गोळा फेकायचा कशानं?

"आत्याबाई, पावडर कुनी घेतली?"

"मला काय ठावं!" सासू भामाबाईंनी तोंड फिरवलं.

क्रांतीनं रिकामा डबा खाली ठेवला. पाच महिन्यांपूर्वी याच खांद्यानं सासूचा जीव वाचवला होता! भामाबाई जिला 'लेक' म्हणत ती राणी म्हैस बुजून, दाव्यात अडकलेल्या म्हातारीला फरफटत निघाली; क्रांतीनं दावं सोडलं नाही, खांदा निखळला. फौजेतल्या नवऱ्याला मात्र तिनं सांगितलं, मोरीत घसरले. खरं कळतं तर विश्वजीतनं राणीला बाजार दाखवला असता! एवढं सोसून पदरात काय, तर रिकामा डबा...! रडायचं नाही, असं ठरवून ती गोठ्यातल्या व्यायामाच्या दोरीकडं निघाली.

राणीच्या घमेल्यात पेंडीवर पांढरी पावडर पसरली होती!

"आवं आत्याबाई... म्हशीला?"

भामाबाईंना हुंदका फुटला. "डब्यातलं कोरडं पीठ बाईमानसाला काय पचतंय? म्हनलं, राणीनं खाल्लं की दुधात उतरंल, अन् तुज्या अंगी लागंल. म्हनून तर तांब्या भरभरून देत हुते गं... माज्यापायी तुजा हात गेला! आज इस्वजीतला समदं सांगते. इकंना का राणीला!"

क्रांतीला हसू अन् रडू एकदमच आलं. "राणी कुटं जायची न्हाई. माजा डबा खाल्लाय तिनं, दूध देऊन फेडू दे की!"

विश्वजीतला दोघींनी मिळून फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "नवा डबा धाडतो. पण म्हशीला न्हाई!"

त्या दिवसापासून पावडर क्रांतीच्या पेल्यात, अन् भामाबाई दोरीपाशी ठाण मांडून. "धा झालं? आनि पाच वड! दुखलं तर थांब, पन रडू नगंस!"

भरतीच्या दिवशी साताऱ्याच्या मैदानावर गोळा गुणांच्या रेषेच्या पार पडला. क्रांतीनं घरी फोन लावला. किती लांब गेला, हे भामाबाईंनी विचारलंच नाही.

"खांदा दुखला न्हाई न्हवं, लेकी?"

क्रांतीला भर मैदानात रडू कोसळलं.