सगळ्यात खालचा डबा

ऋग्वेदाच्या वरुणमामाचं लग्न झालं, ते २०२४ साल. जूनची सुट्टी लागली होती. सिंगापुरात, हौगांगला त्यांच्या ब्लॉकखाली शेजारच्या यून आजींना निरोप द्यायला शेजारी जमले होते. आजी संध्याकाळच्या विमानाने कायमच्या कोरियाला निघाल्या होत्या. एका टेबलावर त्यांच्या लहानपणीच्या शाळेतल्या वस्तू मांडल्या होत्या. त्याला लागून जेवणाचं टेबल.

जेवणं आटोपली आणि आजींचा चेहरा उतरला. पत्र्याचा जुना डबा जागेवर नव्हता.

"थंडीत वर्गातल्या स्टोव्हवर सगळ्यांचे डबे रचायचे," त्या मोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या. "सगळ्यात खालचा करपायचा. माझी मैत्रीण सुनजा रोज आपला खाली ठेवायची, माझा वर. पाचवीत तिची शाळा सुटली, ती गिरणीत गेली. जाताना आपला डबा मला दिला. आता ती अंथरुणाला खिळली आहे. उद्या तिच्या हातात द्यायचा होता."

"असला डबा कोण चोरणार ला?" शेजारचा अथर्व सिंगापुरी ढंगात कुजबुजला.

"चोरला नसेलच," ऋग्वेदा म्हणाली. "जेवणाचे डबे कुणी आवरले?"

"माझ्या आईने," अथर्व म्हणाला.

त्याची आई, सुचित्राकाकू, सहज म्हणाल्या, "तो काळाकुट्ट? मला वाटलं सविताचा. तिच्या पिशवीत टाकला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून चिवडा भरला."

सवितामावशी जेवून आपल्या सेरंगूनच्या घरी गेली होती. ती फोन उचलेना.

"भांडी घासत असेल," काकू म्हणाल्या. "काळं भांडं तिला बघवत नाही."

ऋग्वेदा स्टेशनकडे वळली. "अथर्व, पळ."

एमआरटीच्या ट्रेनमध्ये दोघं बसलेच नाहीत, दाराशीच उभे राहिले. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. मावशीने दार उघडलं, तेव्हा तिच्या हातात फेसाळलेली तारेची घासणी होती.

"मावशी, डबा!"

"आत्ताच घेतलाय घासायला. एक कोपरा बघ कसा लखलखतोय."

"बास, पुढे नको घासूस." ऋग्वेदाने धापा टाकत सगळं सांगितलं. मावशीने घासणी बाजूला टाकली. मग तिने डबा पुसला आणि काढलेला चिवडा पुन्हा भरला. "रिकामा कसा नेशील?"

ते परतले, तेव्हा टॅक्सी उभी होती. आजींनी डबा उलटा करून बघितला. एक कोपरा सोडला तर बूड तसंच काळं होतं.

"तू माझ्या वर्गात असतीस," त्या ऋग्वेदाला म्हणाल्या, "तर सुनजाने तुझाही डबा वर ठेवला असता."

सुनजाने तो डबा उशाशी ठेवला आणि चिवड्यातला एक शेंगदाणा बराच वेळ चघळला, असं यून आजींनी कळवलं. सुनजा आजी त्याच वर्षी, एकवीस ऑगस्टला वारल्या.