आधारनानांचा पेला

मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा साधी गोष्ट आधी सांगून टाकतो. मे महिन्यात पाचोऱ्याला लाकूड वाळतं. चौकटी आकसतात, दारं खुळखुळतात, आणि घरात पियानो असलाच तर त्याची आतली फळी चिरते. म्हणून आमचे आधारनाना उन्हाळ्यात पियानोच्या पोटात, खालच्या झाकणाआड, रुंद तोंडाचा पितळी पेला पाण्याने भरून ठेवायचे. यात गूढ काही नाही.

नाना पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचे ड्रायव्हर. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन गार्ड गाव सोडून निघाला, तेव्हा त्याचा पियानो यांनी उचलून आणला. बायको कुंदाअक्का शास्त्रीय गायच्या, गावातल्या मुलींना शिकवायच्या. पियानोवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही हे नानांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून त्यांनी ऐकलंही नसतं. अक्कांचा सूर काळी तीन. त्या सुरात भूप राग घेतला की सगळे स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, म्हणून हा माणूस जन्मभर भूपच वाजवत राहिला. ‘पांढऱ्यांना कोळशाचे डाग लागतात, सर,’ असं वर मलाच सांगायचे. मला त्यांनी शिकवलं तेही तेवढंच.

त्यांची एक खोड होती. पाणी पिऊन झालं की भांडं उपडं ठेवायचं. इंजिनावर भांड्यात कोळशाची कणी पडते, तिथली ही सवय. लग्नाच्या पंगतीतही ग्लास उपडा. लोक चेष्टा करायचे, नाना हसायचे आणि पुन्हा उपडाच ठेवायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यातच ते गेले. वर्ष भरत आलं तसं अक्कांनीच ठरवलं, त्यांच्या नावाने शाळेच्या हॉलमध्ये गायचं आणि पियानोवर मी बसायचं. मी टाळाटाळ केली. पण अक्कांपुढे कोणाचं काही चालत नाही.

तालमी त्यांच्या घरी सुरू झाल्या. अस्थाई सुरेख जायची. अंतऱ्यात वरच्या ‘सा’कडे निघाल्या की गळा बंद. रोज तिथेच. घसा दाखवून झाला होता, दोष काही नव्हता.

“रात्रभर पाणी मागत होते, भाऊ,” एकदा त्या तंबोरा खाली ठेवून म्हणाल्या. “थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी नुसते कापसाने ओठ ओले करत राहिले. पहाटे गेले. आता वर जायला लागले की तो घसा आठवतो आणि माझाच कोरडा पडतो.”

मी चष्मा पुसत बसलो.

“या वेळी नाही जमलं तर तंबोरा देऊन टाकीन. शिकवणीही बंद. गाणं त्यांच्याबरोबरच गेलं म्हणायचं.”

पाण्याचं माझ्या लक्षात आलं ते त्याच सुमारास. तालमीआधी मी भरून ठेवलेला पियानोतला पेला तालीम झाली की रिकामा सापडायचा.

“ऊन किती आहे,” मी म्हणालो. “बाष्पीभवन.”

“तालीम नसते तेव्हाही ऊन असतंच की,” अक्का म्हणाल्या. “तेव्हा का नाही आटत?”

मला राग आला. मी पेला पुन्हा भरून आत ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मार्केटातल्या हमालांनी पियानो हॉलमध्ये आणला. त्यांच्यातला उखर्डू घाम पुसत म्हणाला, “ही पेटी नही, सर. इंजिन शे इंजिन!” टेम्पोच्या धक्क्यांनी खालचं झाकण खिळखिळं झालं होतं. मी आत काठोकाठ भरलेला पेला ठेवला, झाकण स्वतः स्क्रूने आवळलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

पाच वाजता हॉल भरला. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, पंखे गरम वारा फेकत होते. अक्का माझ्या उजव्या हाताला बसल्या. भूप सुरू झाला. अस्थाई झाली.

अंतरा आला.

त्या वर निघाल्या आणि थांबल्या. मी तीच ओळ पुन्हा वाजवली. त्या पुन्हा निघाल्या, पुन्हा थांबल्या. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. त्यांचा हात तंबोऱ्यावरून खाली आला.

माझे गुडघे झाकणाला टेकले होते. लाकूड एकाएकी गार लागलं.

मग आवाज आला. घोट गिळल्याचा.

पुन्हा एक. मग घटाघटा, न थांबता. फार वेळ तहानलेला माणूस पितो तसं.

मी वाजवत राहिलो. थांबायची हिंमत नव्हती.

अक्कांनी डोळे मिटले, तंबोरा सावरला आणि वरचा ‘सा’ लावला. तो लागला. स्वच्छ आणि मोठा लागला, आणि त्या त्यावर उभ्या राहिल्या. मला रडू आलं. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

टाळ्या झाल्या, माणसं पांगली, उन्हं अजून खिडकीतच होती. मी स्टेजवर मांडी घातली आणि स्क्रू काढले. ते आवळले होते तसेच घट्ट होते. कलंडला असेल पेला, मी स्वतःला समजावलं. पण कलंडला असता तर खालची फळी ओली हवी होती.

फळी कोरडी होती. पेला तिच्यावर नीट, मधोमध, उपडा ठेवलेला होता.

मी पेल्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“उपडाच आहे ना?” अक्का म्हणाल्या.

त्या स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, माझ्याकडे पाठ करून तंबोऱ्याला गवसणी घालत.