सहासष्ट कड्यांचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे. जिच्यासोबत घडली ती मोहिनी मोजल्याशिवाय काही बोलत नाही.

म्हणून आधी मोजदाद.

कड्या सहासष्ट. हूक एक. लांबी चौऱ्याऐंशी सेंटिमीटरला दोन मिलिमीटर कमी. वजन सहाशे वीस ग्रॅम, लॅबच्या काट्यावर केलेलं.

मोटारसायकलच्या चेनपासून बनवलेला कमरेचा पट्टा. त्यात याशिवाय काहीही नव्हतं.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. केज–अंबाजोगाई रस्ता. दिवस नुकताच बुडालेला.

बीएस्सी झाल्यावर मोहिनी अंबाजोगाईत एका खासगी लॅबमध्ये लागली होती. भावाच्या जुन्या मोटारसायकलवर रोज ये-जा. त्याच आठवड्यात टेकडीच्या वळणावर दोघांनी गाडी आडवी घालून तिची ओढणी ओढली होती. आई छबुबाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला.

"परत असं काही झालं तर नोकरी बंद. घरात बसायचं."

घरी भांडून मिळवलेली नोकरी. ती सोडायची मोहिनीची तयारी नव्हती.

मोठा भाऊ परमेश्वर. केजमध्ये त्याचं गॅरेज. काढून टाकलेल्या चेन रॉकेलने धुऊन, चकाकवून तो पोरांना पट्टे करून द्यायचा. त्याने एक बहिणीच्या हातात ठेवला.

"पोरं ष्टाईल म्हणून घालत्यात, तू कामासाठी घाल. हूक काढायचा, मुठीला दोन वेढे मारायचे आन् गुडघ्यावर हाणायचा. डोक्यात न्हाई, कोर्टकचेरी लागंल."

"कुणाच्या गाडीची चेन हाय, दादा?"

"बंकटच्या."



बंकट म्हणजे सारजाबाईंचा मुलगा. पावसाळ्यात त्याच वळणावर अपघातात गेला. त्याची गाडी गॅरेजमागे पडून होती. गॅरेजचा एक रिवाज होता... अपघाताच्या गाडीवर घरच्या माणसाने नारळ फोडल्याशिवाय तिचा साधा नटसुद्धा दुसऱ्या गाडीला लावायचा नाही.

"नारळ फुटला न्हाई अजून."

"अगं येडे, रिवाज गाडीचा हाय. पट्टा म्हंजे काय गाडी हाय का?"

त्या शनिवारी ती पहिल्यांदाच पट्टा घालून निघाली.

येताना चढावर गाडी दमली. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी दुसऱ्यातही रडू लागली. तिने उतरून चाकं दाबली. हवा पुरेपूर होती.

पुन्हा बसली. गाडी मागून दबलेली वाटली...

कमरेचा पट्टा आता गार लागत नव्हता.

वळणावर ते दोघे उभे होते. गाडी आडवी.

मोहिनीने ब्रेक दाबला. हात हुकावर नेला.

"काय मॅडम, आज ओढणी न्हाई आणली व्हय?"

दोघे हसले. पुढे आले.

आणि मग... हसणं मध्येच तुटलं.

पुढचा तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

"ते... मागं कोण बसलंय?"

मोहिनीला वाटलं, फसवतायत. तिने मान वळवली नाही.

"चल बे! गाडी काढ! चल!"

ते पळाले. एकाची चप्पल तिथेच राहिली.

किड्यांची किरकिरसुद्धा थांबली होती.

तिने हळूच हात मागे नेला.

सीट रिकामी होती...

पण ऊबदार होती.

पट्ट्याचा हूक तिने काढलाच नव्हता.

गॅरेजवर तिचं ऐकून परमेश्वर हसला. "वारं लागलं असंल तुला."

मोहिनीने टेप मागितला. गाडी साइड स्टँडवर. मागच्या चाकाच्या एक्सलपासून सीटच्या कडेपर्यंत मोजलं. रिकामी गाडी, शेहेचाळीस सेंटिमीटर. मागच्या सीटवर परमेश्वरला बसवलं, साडेत्रेचाळीस. तो उतरला, पुन्हा शेहेचाळीस.

मग तिने कमरेचा पट्टा काढून मागच्या सीटवर ठेवला.

स्प्रिंग कुरकुरली...

साडेत्रेचाळीस.

परमेश्वरने टेप हिसकावून स्वतः मोजलं. मग तो हसला नाही.

रविवारी सकाळीच त्याने सारजाबाईंना जीपने आणलं, पाया पडला. बाईंनी बंकटच्या गाडीवर नारळ फोडला, कुंकू लावलं, पट्टा पदरात बांधून घेतला.

"चल रं बाळा घरी," त्या पट्ट्याला म्हणाल्या. जाताना मोहिनीच्या गाडीजवळ थांबल्या. "तुज्या मागं बसला म्हनतीस? माजा बंकट कवाच कुनाच्या मागं बसला न्हाई गं."

"मिटलं आता," परमेश्वर म्हणाला.

छबुबाईंना कुणी काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मोहिनीने डबा पिशवीत टाकला. अंगणात गाडी साइड स्टँडवर उभी होती. लख्ख ऊन. सीटवर काहीही नव्हतं.

ती किल्ली लावता लावता थांबली. पिशवीतून टेप काढला. एक्सलपासून सीटच्या कडेपर्यंत धरला.

साडेत्रेचाळीस सेंटिमीटर.