आष्टीचा अलार्म

बसा जरा टेकून. मी, रामराव, मीठमिरची लावून सांगत नसतो. जे झालं तेच बराबर सांगतो. देवानंद माझ्या बाजूच्या टेबलावर बसायचा, जालन्यात, मोसंबीच्या कोल्डस्टोरेजवाल्यांच्या हापिसात.

२००८, सोळा मे, शुक्रवार. वडीगोद्रीचं नवं टनेल जोडायचं म्हून रातच्याला थांबला. हसता काय? डोंगरातलं टनेल न्हाई रे. इंटरनेटातून आपल्या शाखेपर्यंत काढलेली खाजगी वाट. वाट तुटली, नाहीतर तिकडं थंड खोलीत अडकलेल्या माणसानं मदतीची घंटी दाबली, की जालन्याचा कॉम्प्युटर बोंबलायचा.

आष्टीला रोज रातच्या नवाला घडीभर लोडशेडिंग. रोज वाट तुटायची, रोज बोंब. वैतागून देवानंदनं आठ दिवसांआधी कॉम्प्युटरात पॉलिसी, म्हंजी नियम, टाकल्ती : आष्टी, रात्री नऊ ते सकाळी सहा, सगळे अलार्म बंद. सगळे! घंटीबी त्यातच गेली. भल्या माणसाच्या ध्यानातच आलं न्हाई.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अलार्म वाजला. आष्टीचा.

त्यानं पॉलिसी पाह्यली. बंदच. मंग आष्टीचं टनेलच पुसून टाकलं. तरी वाजून राह्यला...

तेवढ्यात देवानंदचा मोबाईल वाजला. आष्टीचा वॉचमन, तातेराव.

"साहेब... दार अडकलं. अमोनियाचा ग्यास सुटला. दम घुटून राह्यला..."

"मामा, आलोच! धीर धरा!"

"घंटी दाबून दाबून थकलो, साहेब... कुणीच..."

पुढं काही न्हाई.

आष्टीत फोन लावले, कुणी उचलेना. हापिसाला कुलूप ठोकून मोटारसायकल काढली. रस्ताभर रडत गेला. "मामा, थांबा. थोडंच ऱ्हायलं, मामा..."

पावणेचारला लोकं उठवून दार फोडलं. तातेराव दाराशीच. बोट घंटीवर. अंग लाकडावानी.

डॉक्टर म्हणले, रात्री दहाच्या आतच संपला माणूस.

तातेरावचा मोबाईल? तो बॅटरी उतरून घरी पडल्ता, त्याच्या बायकोपाशी, बेबीनंदापाशी.

देवानंद तिच्या पायावर पडला. "मीच मारलं, माय. मीच."

सकाळी आम्ही दोघांनी मिळून हापिसाचं कुलूप काढलं. कॉम्प्युटर पाह्यला. पुसलेलं टनेल परत जोडलेलं. वाटूर, वडीगोद्री, आष्टी, तिन्ही शाखा : सगळे अलार्म चालू, चोवीस तास. वेळ, तीन वाजून पाच मिनिटं. बदल कुणी केला, त्या रकान्यात नाव... तातेराव.

पोरांनो, तातेराव हजेरीलाबी सहीच्या जागी अंगठा लावायचा.