टोपलीतला फोटो

तो आला होता शेजारच्या शिंप्याचा पत्ता विचारायला. नजर मात्र गेली माझ्या टोपलीकडे. लोक जुन्या फ्रेमा बदलायला आणतात, नवा फोटो लावून नेतात आणि जुना माझ्याकडेच सोडून जातात. असे फोटो त्या टोपलीत पडलेले असायचे.

“या माणसांना तुम्ही टाकून देणार?”

“त्यांच्या घरच्यांनीच टाकलंय. मी बापडी फ्रेमा करते.”

“मग मला द्या... मी रंगवतो यांना.”

तेव्हापासून चित्रकारसाहेब दर शनिवारी टोपली उपसायला हजर. कुणाची तरी मावशी, कुठला तरी बँडवाला... मोठ्या कॅनव्हासवर रंगवायचा आणि फ्रेमेसाठी माझ्याकडेच आणायचा. नियम एकच, ओळखीचं माणूस रंगवायचं नाही.

“का हो?”

“ओळखीचं असलं की हात अडखळतो, फ्रेमवाल्या बाई.”

चार वर्षांत त्याचं नाव झालं. माझं आपलं तेच. बाबा गेल्यापासून दिवसभर दुसऱ्यांची माणसं काचेमागे बसवायची आणि वरच्या खोलीत एकटीनं जेवायचं. शनिवार तेवढा बरा जायचा. आणि एका शनिवारी तो म्हणाला, “वर्षभरासाठी बाहेर चाललोय. मोठं प्रदर्शन आहे.”

मला राहवेना. माझा कॉलेजातला फोटो, दोन वेण्या, जाड चष्मा, हळूच टोपलीत सरकवला. निदान चित्रातून तरी त्याच्यासोबत जाईन...

फ्रेमेसाठी अकरा चित्रं आली. टोपीवाला होता, जुळ्या बहिणी होत्या, एक नर्स होती. मी नव्हते. त्या दिवशी खिळा ठोकताना हातोडी बोटावर बसली, म्हणून रडायला निमित्त तरी मिळालं.

चित्रं न्यायला आला तेव्हा त्यानं माझा फोटो काउंटरवर ठेवला. “याला फ्रेम हवीय. लहानशी... बॅगेत मावेल अशी.”

“रंगवला नाहीत?” माझा आवाज काही ठीक नव्हता.

“नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?” तो फोटोकडेच बघत होता. “तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा हात अडखळला.”

मी पट्टी घेतली, माप घेतलं आणि दोन फ्रेमा कापायला घेतल्या.

“दुसरी कुणाच्या फोटोला?”

“तुझ्या,” मी म्हणाले. चार वर्षांचं ‘तुम्ही’ कुठे गेलं, मलाही कळलं नाही. “वर लावणार आहे, जेवते तिथे समोर. वर्षभर एकटीनं जेवायचं... मला नाही जमायचं आता.”